तिसऱ्यातला आवाज

रविवार, रात्री

"साब, आपको आता है क्या आवाज?" मिस्त्रींनी विचारलं ते अण्णांना. गाडी, आमची जुनी फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मी नेलेली, रोज चालवते मी, आवाज येतो असं सांगितलं तेही मीच. अण्णा बोनेटला हात टेकून उभे होते. म्हणाले, "नाही बुवा. काही नाही." झालं. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले आणि ते पुढच्या गाडीकडे वळले.

हे कालचं. कालपासून ते "काही नाही" डोक्यातून जात नाहीये.

मिस्त्रींचं सोडा. त्यांनी मला का नाही विचारलं, ते मला माहीत आहे, आणि त्यावर आज लिहायचं नाही. पण अण्णा? दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून "डावं मागचं दार नीट लागलं नाही" असं सांगणारे अण्णा? फियाट कोपऱ्यावरून वळली की इंजिनाचे टॅपेट सैल झालेत की नाही ते ज्यांना कळायचं, त्यांना गिअरबॉक्सची एवढी घरघर ऐकू आली नाही? की ऐकायची नव्हती?

दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

वय झालं की आधी वरचे, बारीक सूर जातात. तिसऱ्या गिअरमध्ये येणारा आवाज नेमका तसाच आहे, बारीक, ताणलेला. मग त्यांना तो आला नसेल, हे मी समजू शकते. पण न्यूट्रलमधली घरघर बारीक नाही. गॅरेजमध्ये बाजूला कॉम्प्रेसर चालू होता, हेही खरं. रात्री अंथरुणात पडून मी हाच हिशोब करत होते. आणि मग नेहमीचं सुरू झालं, की सगळं मलाच का ऐकू येतं. गच्चीची गळती मला, सोसायटीचं पत्र मला, आता हेही मला. दादाला फोन केला नाही. त्याचं उत्तर ठरलेलं आहे, विकून टाका.

सकाळी कॉलनी जागी व्हायच्या आत खाली गेले. इंजिन चालू, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला: घरघर. क्लच दाबला, क्षणभरात बंद. सोडला, परत सुरू. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. म्हणजे इंजिन नाही. क्लचचं रिलीज बेअरिंगही नाही, कारण ते गेलं तर उलटं होतं, पेडल दाबलं की आवाज येतो. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद आत आणणारा दांडा, थांबतो आणि त्याच्याबरोबर ती ताकद गिअरांकडे नेणारा खालचा लेशाफ्टही. आवाज त्या दोघांपैकी कुणाचा तरी आहे. इतकं माझं मला कळलं आणि खूप बरं वाटलं. मला भास होत नाहीये.

जिन्यात अण्णा उभे. चप्पल घालून. "चल," म्हणाले. कुठे ते विचारलं नाही.

वडाळ्याहून फ्रीवेला लागलो. पहिल्यात आवाज, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात चाळीसला पोचलो तेव्हा तर अख्खा डॅशबोर्ड गातोय असं वाटत होतं. मी मुद्दाम बोलले नाही. एकदा मोकळा रस्ता बघून न्यूट्रल केलं आणि क्लच दाबून धरला. गाडी नुसती धावत होती, पूर्ण शांत. म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारे प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल संशयातून सुटले. पुन्हा तिसऱ्यात घेतलं. अण्णा समोर बघत होते. आणि म्हणाले, "चौथ्यात टाक."

स्टिअरिंग कॉलमवरचा गिअरचा दांडा खाली ओढला. आवाज जवळजवळ गेला.

"हं," एवढंच.

या गाडीत चौथा गिअर सरळ असतो. इनपुट शाफ्ट आणि ताकद बाहेर नेणारा मेन शाफ्ट थेट जोडले जातात, ताकद लेशाफ्टमधून जातच नाही, तो नुसता रिकामा फिरत राहतो. इनपुटचं बेअरिंग गेलं असतं तर चौथ्यातही तितकंच ओरडलं असतं. खालच्या तिन्ही गिअरमध्ये ओरडतं आणि चौथ्यात निवतं, म्हणजे लेशाफ्टचे बेअरिंग. हे मला ठाऊक होतं, पण ते करून बघायला सांगितलं अण्णांनी. आवाज नाही म्हणणारा माणूस "चौथ्यात टाक" का म्हणेल? काय गेलं ते ऐकायला?

परतताना हेच घोळवत होते. म्हणजे ऐकू येतं त्यांना. किंवा येत नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून कळलं. किंवा काल गॅरेजमध्ये आलं होतं आणि लोकांसमोर मान्य करवलं नाही, कारण मान्य केलं की गिअरबॉक्स उतरवायचा, बॉक्स उतरवला की भाग शोधायचे, आणि भाग मिळाले नाहीत की दादाचं उत्तर. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. त्या धावत होत्या तोवर आमच्यासारख्यांचं निभत होतं, कुणीतरी त्यांच्यासाठी सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी कड्या), गिअर ठेवायचं. जिथे ही गाडी बनली त्या कुर्ल्यातच, सीएसटी रोडवर, आता विचारायला गेलं की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो.

वांद्र्याच्या काकांनी असाच आवाज वर्षभर चालवला होता. त्यांचं काय झालं ते अण्णांनी पाहिलं आहे. बेअरिंग ढिलं झालं की शाफ्ट हलतो, दात नीट बसत नाहीत, आणि एक दिवस दाताचा तुकडा तेलात पडतो. बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवर मिळतं, त्याच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. गिअर मिळत नाही. म्हणून थांबायचं नाही, हे मी मनात पाठ करत होते, त्यांना कसं सांगायचं याची तयारी म्हणून.

सांगावं लागलं नाही. चहा घेता घेता ते म्हणाले, "तेल काढतील तेव्हा समोर उभी राहा. तेल काढायच्या प्लगच्या चुंबकावर करडी पेस्ट असली तर चालेल. पिवळी चमक दिसली तर सिंक्रोचं पितळ. कडक तुकडा लागला तर मला फोन कर." मग थोडं थांबून, "आणि गिअरचं तेल जीएल-4 दर्जाचंच. जीएल-5 घालू देऊ नकोस, पितळ खातं."

मला फोन कर. म्हणजे ते येणार नाहीत. मिस्त्रींसमोर मी एकटी उभी राहणार आणि मीच सांगणार की आवाज आहे, लेशाफ्टचा आहे, बॉक्स उतरवा.

दुपारभर विचारायचं होतं, काल नाही का म्हणालात? नाही विचारलं. आता विचारणारही नाही. त्यांना आला असेल तर त्यांचं ते त्यांच्यापाशी, नसेल तर उत्तर मला नकोच आहे. मला ऐकू येतं, मी ऐकते. कुणीतरी ऐकायलाच हवं, आणि या गाडीपुरती ती मी आहे हे आज पहिल्यांदा ओझं वाटलं नाही.

यादी केली आहे. लेशाफ्टचे दोन्ही बेअरिंग, उघडलंच आहे तर इनपुटचंही, ऑइल सील, गॅस्केट. क्लच प्लेट बघून. बेअरिंग आधी आणून ठेवू म्हटलं तर अण्णा नको म्हणाले, जुनं हातात घेऊन जा, कड्यावरचा नंबर बघूनच घे. बरोबर आहे. म्हणजे उद्या मिस्त्रींना फोन करायचा, बॉक्स कधी उतरवता ते विचारायचं, आणि त्या दिवशीची अर्धी रजा टाकायची.