ताप आणि ताठ अंग

१८ ऑगस्ट, अंधेरी

पावसाळ्यात मुंबईत ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो ही नावं आधी आठवतात, आणि त्यात चूक काही नाही. पण केसपेपरवर हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन यांसारखं मनोविकारावरचं औषध असेल, तर रक्त तपासायला पाठवतानाच रुग्णाचा हात कोपरातून वाकवून बघावा. शिशाच्या नळीसारखा सगळीकडे सारखाच ताठ लागला, जोडीला दरदरून घाम, वरखाली होणारं बीपी, पळणारी नाडी आणि बरळणं किंवा अगदी गप्प पडून राहणं असेल, तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, म्हणजे एनएमएस, ही या औषधांची जीवघेणी प्रतिक्रिया, मनात यायलाच हवी. बहुतेकदा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच हे दिसतं. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारांत जातं. स्नायूत दिलेल्या इंजेक्शनानंही ते थोडं चढतं, म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीचा रंग बघत राहावं, कारण स्नायू विरघळले की भार मूत्रपिंडावर येतो. पाय झटके देत असतील आणि जुलाब असतील, तर सेरोटोनिन सिंड्रोमकडे, म्हणजे सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांच्या प्रतिक्रियेकडे वळावं.

औषध त्याच क्षणी बंद. डेपो, म्हणजे हळूहळू औषध सोडणारं, इंजेक्शन असेल तर ते ‘बंद’ करताच येत नाही, आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. खरी पंचाईत तिथे.

आता कोडिंग, म्हणजे निदानाला आणि औषधाला ठरलेला कोड देणं. अमेरिकी विमा क्लेमसाठी आधी एनएमएसचा जी२१.०, मग औषधाचा कोड: हॅलोपेरिडॉलला टी४३.४एक्स५ए, ओलान्झापिन-रिस्पेरिडोनला टी४३.५९५ए. शेवटच्या ‘ए’आधीचा ५ सांगतो की औषध नीट घेतलं होतं, तरी बाधलं. गोळ्या जास्त गेल्या असतील तर तिथे १ किंवा २ येतो आणि टी कोड पहिल्या जागी जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगांच्या कोडसूचीत मात्र टीऐवजी वाय४९. ‘मॅलिग्नंट’ शब्द बघून टी८८.३ टाकणारे भेटतात. तो भूल दिल्यावरच्या हायपरथर्मियाचा, म्हणजे अंग अतिशय तापण्याचा. ताप वेगळा कोड करू नये, रॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायू विरघळणं (एम६२.८२), करावा.

डिस्चार्ज समरीत ‘ताप, ताठरपणा, सीपीके वाढलेलं’ एवढंच असेल तर जी२१.० लावता येत नाही. निदान डॉक्टरच्या शब्दांत हवं, म्हणून त्यांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवावी.

अशी प्रतिक्रिया फार्माकोव्हिजिलन्सला, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेलाही कळवावी, नंबर १८००-१८०-३०२४. त्या फॉर्मवर औषध सुरू आणि बंद केल्याच्या तारखा विचारतात. केसपेपरवर तेवढ्याच नसतात; नुसतं ‘हॅलो ५’ असतं.