कोंबडीच्या मांसातला औषधाचा अंश तपासून घेतला, त्याचा अनुभव

विट्याजवळ आमची ब्रॉयलरची शेड आहे. पुण्याच्या एका हॉटेलवाल्याने थेट माल घ्यायची तयारी दाखवली, पण मांसात अँटिबायोटिकचा अंश किती, याचा एलसी-एमएस/एमएसवर, म्हणजे घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मशीनवर, केलेला रिपोर्ट मागितला. त्या लॉटला थंडीत घरघर लागली होती, म्हणून डॉक्टरांनी पाण्यातून एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक द्यायला सांगितलं होतं. शेवटच्या डोसची तारीख रजिस्टरला लिहिलेली होती आणि औषध थांबवल्यावर जितके दिवस पक्षी कापायचा नाही असं बाटलीवर लिहिलेलं असतं, तितके उलटल्यावरच नमुन्याचे पक्षी कापले.

नमुना पोचवणं जिकिरीचं. छातीचं मांस आणि कलेजी वेगवेगळ्या पिशव्यांत, कडक गोठवून, जेलपॅकसकट थर्माकोलच्या पेटीत. कुरियरचा भरवसा धरला नाही, रात्रीच्या गाडीने पेटी स्वतःच नेली.

लॅबमधल्या मॅडमनी सगळं नीट समजावलं. मांस बारीक वाटून अॅसिटोनायट्राइल या द्रावकात घुसळतात. प्रथिनं साकळून खाली बसतात, औषध वरच्या द्रवात उतरतं. तो द्रव कॉलममधून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या बारीक नळीतून, मशीनमध्ये गेला की एन्रोफ्लॉक्सासिनचा ३६० वस्तुमानाचा आयन निवडायचा, फोडायचा आणि ३१६ व ३४२ चे तुकडे दिसतात का ते बघायचं. दोन्ही तुकडे ठरलेल्या वेळेला आणि ठरलेल्या प्रमाणात आले, तरच औषध सापडलं असं लिहितात. नुसत्या एका तुकड्यावरून कुणाच्या मालाला नाव ठेवत नाहीत, हे मला फार पटलं.

रिपोर्टात सिप्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिकही निघालं. ते तर आमच्या शेडमध्ये कधी आलंच नव्हतं! मॅडम म्हणाल्या, "दादा, कोंबडीच्या अंगात एन्रोफ्लॉक्सासिनचंच थोडं सिप्रो होतं. म्हणून दोन्हींची बेरीज धरतात." युरोपात ही बेरीज कोंबडीच्या मांसात किलोला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, कलेजीत २०० पर्यंत. सिप्रो आपण माणसंही घेतो, लघवीच्या संसर्गाला वगैरे. ते रोजच्या जेवणातून थोडंथोडं पोटात गेलं, तर जंतू त्याला सरावतात आणि गरजेच्या वेळी औषध लागू पडत नाही. तिथे मी खरंच हादरलो.

आमचा माल मर्यादेच्या बराच खाली होता आणि हॉटेलवाल्याने तो घेतला. पण कलेजीत मांसापेक्षा जास्त अंश होता, आणि आमच्याकडे कलेजी पोरांच्या ताटात आधी पडते. म्हणून औषध दिलेल्या लॉटचं लिफ्टिंग, म्हणजे विक्रीसाठी पक्षी उचलणं, आता बाटलीवरच्या दिवसांपेक्षाही पुढे ढकलतो. खाद्याचा खर्च अंगावर पडतो, तो सोसतो. गाडी भरली की वजनाच्या चिठ्ठीवरच शेवटच्या डोसची तारीख लिहून देतो, व्यापाऱ्याने मागितली नाही तरी.