चार्जर लावला की नेट धावतं

अपडेट रात्री झालं. सकाळी लॅपटॉप उघडला तर सगळं जागच्या जागी, वॉलपेपर तोच, वायफायच्या कांड्या पण फुल. पण व्हिडिओ कॉल लावला आणि समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून जो गोठला तो गोठलाच, आवाज तेवढा तुकड्या-तुकड्यात येत राहिला.

खरं तर काल रात्री काय बदललं एवढंच स्वतःला विचारायचं होतं. पण तसं सुचत नाही ना. अपडेट म्हणजे सुधारणा हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ते सोडून संशय सगळ्यांवर, अगदी मधल्या भिंतीवर सुद्धा. राउटर बंद-चालू केला, दोनदा. मग आठवलं की मायक्रोवेव्ह पण वायफायसारखा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, म्हणून त्याचा प्लग काढला, तो बंदच होता तरी. शेजारी फोन त्याच वायफायवर मजेत व्हिडिओ दाखवत होता, तिकडे मात्र मी बघायलाच तयार नाही.

त्या कांड्यांवर फार जाऊ नये हे मला आता कळलंय. राउटरचा आवाज आपल्याला किती मोठ्याने ऐकू येतोय एवढंच त्या सांगतात, बोलणं नीट होतंय का ते नाही.

शेवटी पिंग लावला, म्हणजे छोटासा निरोप पाठवत राहायचं आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. बाहेरच्या साइटला नाही, घरातल्याच राउटरला, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. एरवी २-३ मिलिसेकंदात उत्तर येतं. आता बघतो तर ३, १२०, ४, ३४०, आणि मग एक पॅकेट, म्हणजे तो छोटा निरोपच, गायब. म्हणजे नेट कनेक्शनवाले निर्दोष सुटले (मनातल्या मनात त्यांना बरंच काही बोलून झालं होतं), भानगड माझ्या टेबलापासून राउटरपर्यंतच होती.

तेवढ्यात बॅटरी संपत आली म्हणून चार्जर लावला. पिंग चालूच होता. आकडे एकदम शहाण्या बाळासारखे, २, २, ३. चार्जर काढला, परत नाचायला लागले. लावला, शांत. काढला, नाच. चार-पाच वेळा केलं हे, पहिल्या दोनदातच कळलं होतं पण मजा वाटत होती.

तर वायफाय कार्ड बॅटरी वाचवायला मधेमधे डुलकी काढतं. ते झोपलं की त्याच्या नावाची पॅकेट राउटर सांभाळून ठेवतो आणि सेकंदाला साधारण दहा वेळा जी हाळी देतो, बीकन म्हणतात त्याला, तिच्यातून सांगतो की बाबा रे तुझं टपाल आलंय. हे जमून आलं तर आपल्याला पत्ताही लागत नाही. अपडेटसोबत आलेल्या नव्या ड्रायव्हरला (म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) काही ते जमेना, हाळी चुकली की पुढच्या हाळीपर्यंत टपाल तसंच पडून, आणि तोवर कॉलवरचा माणूस तोंड उघडं ठेवून बसलेला.

पॉवर सेटिंगमध्ये वायफायची बचत बंद केली, थोडा फरक पडला, पूर्ण नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्रायव्हर रोल बॅक केला, म्हणजे आधीचा परत आणला. नशीब जुना ड्रायव्हर अजून आत होता, नाहीतर ते बटण दाबताच येत नाही. चार्जर काढून परत पिंग लावला, २, ३, २, २. काम झालं होतं तरी अर्धा तास आकडे बघत बसलो.

मायक्रोवेव्हचा प्लग संध्याकाळी लावला. त्याचं घड्याळ अजून शून्यावर लुकलुकतंय, आणि ते कसं लावतात ते मला येत नाही.