सहावा आठवडा: ज्यांना जोडी समजलो, ते निघाले दोन निराळे मासे

घरी पाळलेल्या दोन छोट्या समुद्री माशांबद्दल ‘निऑन गोबीची जोडी स्थिरावली’ असे मागच्या नोंदीत मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते. ते विधान आज मागे घ्यावे लागत आहे. साठ लिटरच्या टँकमध्ये ठेवलेल्या पीव्हीसीच्या नळीत मुक्काम केला तो एकानेच, आणि दुसरा जवळ आला की त्याला पिटाळण्याचा क्रम सहा आठवड्यांत एकदाही थांबला नाही.

रविवारी सकाळी निळे दिवे लागण्यापूर्वी पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात दोघांचे समोरून फोटो काढले, आणि ते मोठे करून पाहताच उलगडा झाला. एकाचे निळे पट्टे डोळ्यांपुढे सुटेच राहतात, मुस्कटावर एकमेकांना मिळत नाहीत; हा खरा निऑन, म्हणजे शास्त्रीय नावाने एलॅकॅटिनस ओशनॉप्स. दुसऱ्याचे पट्टे मुस्कटावर जुळून इंग्रजी ‘व्ही’सारखा पिवळा आकार घेतात, आणि मुस्कट पुढे आलेले असल्यामुळे तोंड शार्कसारखे खालच्या बाजूला उघडते, हा शार्कनोज गोबी, एलॅकॅटिनस एव्हलिनी. दोघेही जेमतेम तीन सेंटिमीटरचे, दोघांच्या अंगावर काळ्या रंगाशेजारी चमकता पट्टा. त्यात निळ्या एलईडीखाली पिवळा रंग ओळखू येत नाही, म्हणून बाजूने पाहत राहिलेला मी फसलो. एरवीही रंगावर विसंबून चालत नाही, कारण एव्हलिनीचा पट्टा प्रदेशानुसार पिवळा, निळा किंवा पांढराही असतो. मुस्कटावरची जुळणी आणि तोंडाची ठेवण यांवर माझा अधिक विश्वास आहे.

बाकीची लक्षणे दोघांत सारखीच आहेत: पाठीवर दोन सुटे पर, अंगावर खवले नाहीत, आणि पोटाखालचे पर जुळून झालेली चकती, जिच्या आधाराने ते काचेला चिकटून बसतात. आपल्या खाडीतल्या चिखलात उड्या मारणारी निवटी याच गोतावळ्यातली.

ओशनॉप्सचे शास्त्रीय वर्णन अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ जॉर्डन यांनी १९०४ मध्ये केले. तो फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताकडचा, तर एव्हलिनी बहामा आणि कॅरिबियन बेटांकडचा. प्रवाळावर बसून मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणे हा दोघांचाही धंदा. हिंद-प्रशांत महासागरांत हेच काम करणारा क्लीनर रास हा मासा त्यांचा जवळचा नातलग नाही, तरी त्याच्याही अंगावर निळा पट्टा असावा, याचे मला दर वेळी नवल वाटते.

शार्कनोज आता दुसऱ्या टँकमध्ये आहे. ओशनॉप्स नळीतून क्वचितच बाहेर येतो. त्याच्या पोटाखालचा जननांकुर, म्हणजे जननेंद्रियाचा छोटा उंचवटा, टोकदार दिसतो, त्यामुळे तो नर असावा असा माझा कयास आहे. मादी घेताना मात्र पिशवी पांढऱ्या उजेडात धरून मासा समोरून पाहीन, मग दुकानदार कितीही घाई करो.