एल अलामेनच्या भिंतीवरचा पॅट पॅटल

पिरॅमिड झाले, लक्झर झालं, नाईलवरची क्रूझ तर मस्तच, पण त्यावर सगळेच लिहितात. मला एल अलामेनबद्दल, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या मोठ्या लढाईच्या जागेबद्दल लिहायचंय, कारण अत्तराच्या दुकानात निवांत बसवून ठेवणाऱ्या आमच्या गाईडने इथे मात्र जेमतेम अर्धा तास दिला आणि तो राग अजून उतरला नाहीये.

अलेक्झांड्रियाहून पश्चिमेला साधारण १३० किलोमीटर. वॉर सेमेटरीत शिरायचं तेच अलामेन मेमोरियलमधून, ज्यांना कबर मिळाली नाही त्यांची नावं तिथे दगडावर कोरलीत. नुसते हवाई दलाचेच ३००० हून जास्त. मला त्यातला एकच शोधायचा होता, स्क्वाड्रन लीडर पॅट पॅटल.

हा दक्षिण आफ्रिकेतल्या बटरवर्थचा, जन्म १९१४. त्याच्या स्वतःच्या देशाच्या हवाई दलाने त्याला घेतलंच नाही, म्हणून पठ्ठ्या इंग्लंडला जाऊन आरएएफमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलात भरती झाला. ऑगस्ट १९४० मध्ये याच वाळवंटात, लिबियाच्या हद्दीत त्याचं ग्लॅडिएटर हे लढाऊ विमान पाडलं गेलं, तर पॅराशूटने उतरून इजिप्तच्या सीमेकडे पायी चालत निघाला आणि वाचला. पुढे ग्रीस. २० एप्रिल १९४१ ला अंगात ताप असताना हरिकेन विमान घेऊन अथेन्सवर उडाला, आपल्या एका साथीदाराच्या मागे लागलेल्या जर्मन विमानावर तुटून पडला आणि स्वतः अथेन्सजवळच्या एलेफ्सिनाच्या खाडीत कोसळला. वय २६. ग्रीसमध्ये मारल्या गेलेल्या, कबर नसलेल्या वैमानिकांची नावं याच भिंतीवर आहेत, म्हणून तो इथे. ग्रीसमधून माघार घेतानाच्या धावपळीत स्क्वाड्रनची कागदपत्रंही गेली. पन्नासच्या आसपास विमानं पाडली म्हणतात, आरएएफमध्ये सगळ्यात जास्त त्याचीच असं मानणारे खूप आहेत, पण पक्का आकडा आता कोण देणार?

नाव सापडलं. त्यावरून बोट फिरवलं आणि खरंच गळा दाटून आला, एवढ्या मोठ्या माणसाचं एवढंच उरलंय. तेवढ्यात बसचा हॉर्न, आणि गाईड लांबूनच "चला चला" करतोय! अशा ठिकाणी घाई करणं मला अजिबात पटत नाही.

त्या घाईत आग्नेय कोपऱ्यातलं क्रिमेशन मेमोरियल बघायचं राहिलं. आपापल्या धर्माप्रमाणे दहन झालेल्या ६०० हून जास्त सैनिकांची नावं आहेत तिथे, म्हणजे आपलीच माणसं की. ग्रुपमधल्या कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. जाणार असाल तर अलेक्झांड्रियाहून स्वतःची टॅक्सी करा, आणि आधी त्या कोपऱ्यात जा.