गाठीचं गणित लॅपटॉपवर मांडताना : माझा अनुभव

एमएस्सीच्या शेवटच्या सेमला प्रोजेक्टसाठी मी प्रोस्टेट कॅन्सरचं सिम्युलेशन घेतलं, म्हणजे औषध दिल्यावर गाठ किती दिवस दबून राहील आणि परत कधी उसळेल हे कॉम्प्युटरवर आधीच काढता येतं का ते बघायचं. मॅडमनी सुरुवातीलाच अमेरिकेतल्या टाम्पाच्या मॉफिट कॅन्सर सेंटरमधला २०१७ चा पेपर वाचायला दिला. डॉ. रॉबर्ट गेटनबी आणि त्यांच्या टीमने अबिरॅटेरोन हे औषध सलग न देता पीएसए (गाठीचा अंदाज देणारं रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन) निम्म्यावर आला की थांबवायचं आणि परत मूळ पातळीवर गेला की सुरू करायचं असं केलं, पेशंट ११ च होते पण औषध नेहमीच्या निम्म्याहून कमी लागलं.

हे असं का करायचं ते मला लगेच कळलं कारण आमच्या घरी कापूस. बीटीच्या, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच असलेल्या बियाण्याच्या, ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची रेफ्युजी, म्हणजे साधं बिगर-बीटी बियाणं, यायची, ती कडेने लावायची म्हणजे साधी बोंडअळी थोडी जिवंत राहते आणि बीटी पचवणाऱ्या अळीचं राज्य होत नाही. बरेच जण लावायचेच नाहीत, २०१७ ला गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केलं ते सगळ्यांना माहितीये. गेटनबींनाही ही कल्पना कीड नियंत्रणावरूनच सुचली. फरक इतकाच की अळ्यांमध्ये साध्या अळीशी मिलन होऊन रेझिस्टन्स, म्हणजे विषाला न जुमानण्याची ताकद, पातळ होतो, कॅन्सरच्या पेशींत तसलं काही नाही, तिथे औषधाला दाद देणाऱ्या पेशी जागा आणि पोषण अडवून रेझिस्टन्ट पेशींना दाबून ठेवतात. सगळा जोर लावून दाद देणाऱ्या पेशी संपवल्या की मैदान मोकळं.

हेच समीकरणात लिहायचं. लोटका-व्होल्टेरा, जे आपण लांडगे आणि सशांसाठी शिकतो त्याच घराण्यातलं स्पर्धेचं मॉडेल. दोन प्रकारच्या पेशी, प्रत्येकीच्या वाढीचा वेग, एकमेकींना किती दाबतात तो आकडा, औषध चालू असेल तर एकीची वाढ उलटी. पायथनमध्ये हे थोडक्यात होतं, साधा लॅपटॉप पुरतो.

खरी कसोटी पुढे होती. निकोलस ब्रुखोव्स्की यांच्या कॅनडातल्या अभ्यासात हार्मोन थेरपी थांबवून थांबवून दिली होती, त्यातल्या पेशंटचे पीएसए घेतले, पहिली सायकल (औषध चालू आणि मग बंद, अशी एक फेरी) मॉडेलला दाखवायची आणि दुसरी झाकून ठेवायची. पहिल्या सायकलवर वक्र इतका छान बसला की ठिपके रेषेखाली दिसेनात. मॅडम म्हणाल्या, "बसला ना, आता मॉडेलमध्ये दुसरे आकडे घालूनही बसतोय का बघ." तर आकड्यांच्या एका सेटमध्ये सुरुवातीला रेझिस्टन्ट पेशी हजारात एक आणि दुसऱ्यात शंभरात एक, बाकीचे आकडे जरा हलवले की दोन्ही रेषा पहिल्या सायकलभर एकावर एक! आणि दुसऱ्या सायकलला फाटल्या, एक परत छान खाली येते, दुसरी औषध चालू असताना वर चढते. म्हणजे एकाच माणसाबद्दल एक मॉडेल सांगतंय औषध चालेल आणि दुसरं सांगतंय चालणार नाही, आणि पहिल्या सायकलच्या आकड्यांवरून दोघांपैकी खरं कोण हे ठरवताच येत नाही, कारण पीएसए उतरतो तो दाद देणाऱ्या पेशी मेल्यामुळे, त्या ढिगाखाली मूठभर रेझिस्टन्ट पेशी असल्या तरी ग्राफवर दिसत नाहीत.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एक सुंदर रेष छापून "अंदाज" म्हणणं सोपं आहे, पण त्या रेषेवर कुणाच्या तरी वडिलांचं औषध ठरणार असतं. म्हणून मी रिपोर्टमध्ये एक रेष दिलीच नाही, आकड्यांना बसणारे सगळे सेट चालवून त्या सगळ्या रेषांचा मिळून पट्टा दिला. पहिल्या सायकलनंतर पट्टा भलताच रुंद, दुसऱ्या सायकलचे पहिले काही पीएसए घातले की बऱ्याच जणांमध्ये आवळतो.

व्हायव्हाला विचारलं, मग डॉक्टरला याचा उपयोग काय? मी म्हटलं, औषध कोणतं द्यायचं ते हे सांगत नाही, पण पट्टा कुठे फाटतो ते दिसतं, तर पुढची रक्ततपासणी नेमकी त्या सुमाराला ठेवा, महिन्याची वाट बघू नका.