बर्मीज टोन: नुसती पट्टी मोजून भागत नाही

काही भाषांत टोन बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. पण ‘टोन म्हणजे आवाजाची पट्टी’ असं एका ओळीत सांगून कुणी मोकळं झालं, की मला राहवत नाही. मिझो भाषेपुरतं ते बरंचसं चालतं: उंच, खालचा, चढता, उतरता असे चार टोन, आणि पट्टीची रेघ काढली की फरक बऱ्यापैकी दिसतो. पण बर्मीजही त्याच तिबेटो-बर्मन कुळातली. रत्नागिरीत १९१६पर्यंत नजरकैदेत राहिलेल्या थिबा राजाची भाषा. तिथे नुसती रेघ पुरत नाही.

पुण्यात शिकायला आलेल्या यांगूनच्या एका मैत्रिणीकडून मी ‘खा’ रेकॉर्ड करून घेतला. खालच्या टोनमध्ये त्याचा अर्थ हलवणं, उंच टोनमध्ये कडू असणं, तिसऱ्यात कुणाच्या सेवेत असणं; आणि चौथ्यात स्वर आखूड होऊन गळ्यात झटक्याने बंद होतो, तेव्हा मारणं, म्हणजे फटका देणं. उंच आणि तिसरा, दोन्ही वरच सुरू होतात. पण उंच टोन लांब असतो, त्यात थोडी हवा मिसळलेली असते. तिसरा त्याहून आखूड आणि आवळलेला.

हे आवळणं प्रात या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये तरंग मोठा करून पाहावं. तिच्या तिसऱ्या ‘खा’त सुरुवातीला साधारण दर ५ मिलिसेकंदांना स्वरतंतूंचा एक ठोका पडतो, म्हणजे २०० हर्ट्झ. शेवटाकडे मात्र ठोके विरळ होतात: ८, मग ११, मग पुन्हा ७. स्वरतंतू घट्ट दाबले गेल्यामुळे प्रत्येक फेरीत जास्त वेळ मिटलेले राहतात. त्यामुळे पहिला हार्मोनिक (आवाजातला सगळ्यात खालचा, मूळ पट्टीचा सूर) दुसऱ्याच्या, म्हणजे दुप्पट वारंवारितेच्या सुराच्या, मानाने दबतो. हवा मिसळलेल्या आवाजात नेमकं उलटं होतं.

आणि इथेच प्रातची पट्टी दाखवणारी निळी रेघ तुटते, नाहीतर एकदम निम्म्यावर येते. सॉफ्टवेअरची चूक समजून तेवढा भाग गाळून टाकायची पद्धत आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तिसऱ्या टोनचा सगळ्यात भक्कम पुरावा त्याच तुकड्यात असतो.

कुणी बर्मीज मोजायला बसणार असेल तर कळकळीची विनंती: पट्टीबरोबर लांबी आणि पहिल्या-दुसऱ्या हार्मोनिकमधला फरकही नोंदवा. शब्द सुटा आणि वाक्याच्या मध्ये, असा दोन्हीकडे घ्या; उंच टोन बोलणं थांबण्याआधी खाली येतो, वाक्याच्या मध्ये त्याचं रूप वेगळं दिसतं.